विमानतळाचा विस्तार : लाभ कोणाला, भार कोणावर?

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. परंतु त्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन्हींचा स्वतंत्रपणे एकाच वेळी वापर करता येत नाही आणि व्यवहारात सारा भार एकाच धावपट्टीवर पडतो. तरीही २०१८ मध्ये तेथे एका दिवसात एक हजारांहून अधिक विमानांची ये-जा झाली. २०२४ मध्ये सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांनी हा विमानतळ वापरला. २०१४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाल्याने प्रवाशांची उत्तम सोय झाली खरी. पण टर्मिनल कितीही प्रशस्त बांधले तरी धावपट्टीची क्षमता त्यामुळे वाढत नाही. विस्ताराची चर्चा करताना ही साधी बाब पुष्कळदा नजरेआड होते.

मग तेथेच समांतर धावपट्टी का बांधली गेली नाही? विमानतळाची जागा सुमारे साडेसातशे हेक्टर. तिच्या कडेला दाट झोपडवस्ती, पलीकडे कुर्ला, विलेपार्ले, घाटकोपर अशी भरगच्च उपनगरे. विमानांच्या मार्गाखालील इमारतींच्या उंचीवर निर्बंध असल्याने तेथील जुन्या घरांचा पुनर्विकासही अडून राहतो. शिवाय मिठी नदी आहे. विहार व पवई तलावांकडून माहीमच्या खाडीकडे जाणाऱ्या या नदीला विमानतळाच्या वाढीबरोबर धावपट्टीखालील बंदिस्त मार्गातून जावे लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदीचा संकोच केल्याचे परिणाम साऱ्या शहराने पाहिले. पुराला कारणे अनेक होती, पण हे त्यांतील एक होते.

पनवेलचा पर्याय

जुन्या जागेत वाढ अशक्य झाल्यावर दुसऱ्या विमानतळाचा मार्ग स्वीकारण्यात आला. पनवेल तालुक्यातील १,१६० हेक्टरांवरील नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्यातील क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. दोन समांतर धावपट्ट्या पुरेशा अंतरावर राहणार असल्याने, दुसरी पूर्ण होताच, दोन्हींवर एकाच वेळी विमाने ये-जा करू शकतील. उरणचे बंदर, वाशीची बाजार समिती आणि अटल सेतू जवळ असल्यामुळे हापूस आंबा, भाजीपाला, फुले अशा नाशवंत मालाच्या निर्यातीला येथे मोठा वाव आहे. शेतमालाच्या बाबतीत वाचलेला प्रत्येक तास मोलाचा असतो.

हा लाभ सर्व राज्याचा. भार मात्र दहा गावांनी उचलला. वरचे ओवळे, वाघिवली, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे आदी गावांतील कुटुंबांना घरे सोडावी लागली. सिडकोने या परिसरात १९७० पासून भूसंपादन केले होते. १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व रुजले. विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के झाले. ही वाढ आपोआप झालेली नाही, हे विसरता येणार नाही. तथापि भूखंड जमीनधारकास मिळतो. खाडीत मासेमारी करणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाचा चरितार्थ कोणत्या टक्केवारीत मोजावा, याचे उत्तर त्या सूत्रात नाही.

बांधकामासाठी उलव्याची टेकडी फोडण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, सखल पाणथळ जमीन भरावाने कित्येक मीटर उंच करण्यात आली आणि खारफुटीचेही क्षेत्र गेले. मूळ आराखड्यात गाढी नदीही वळवायची होती. २०१० च्या पर्यावरणविषयक छाननीत ते टळले आणि त्यासाठी धावपट्ट्यांमधील अंतर कमी करण्यात आले. छाननी म्हणजे निव्वळ विलंब, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

भरावाचा परिणाम मात्र संपादनाच्या रेषेबाहेर पोचला. लगतच्या डुंगी गावाची जमीन संपादनात नव्हती. शेजारची जमीन उंच झाल्यावर पावसाचे पाणी तेथे शिरू लागले आणि अखेर त्या गावाच्याही पुनर्वसनाचा विचार करावा लागला. म्हणून मोठ्या प्रकल्पाचा नकाशा ग्रामपंचायतीपुढे येईल तेव्हा सदस्यांनी संपादित गटांच्या यादीबरोबर भरावाची उंची आणि पावसाचे पाणी निघून जाण्याच्या वाटाही मागून घ्याव्यात, आणि ज्या गावांची नावे यादीत नाहीत त्यांनी त्या आधी मागाव्यात.