मॅटवरचे जिद्दी खेळाडू : दिव्यांग मुलं आणि युद्धकला



डिसेंबर महिना आला की आपल्या जव्हार-मोखाडा भागातल्या शाळांमध्ये क्रीडास्पर्धांची गडबड सुरू होते. मैदानावर चुन्याच्या रेघा पडतात. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणं. मुलं अनवाणी सुसाट पळतात, आपल्या डोंगरातल्या मुलांना दम लागणं म्हणजे काय ते माहीतच नसतं! पण नीट बघा. मैदानाच्या कडेला, झाडाखाली एक मूल बसलेलं असतं. त्याच्यासमोर बाकीच्यांच्या चपलांचा ढीग असतो. कुणाचा पाय अधू असतो, कुणाला कमी दिसतं, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला सिकलसेलचा त्रास असतो. त्याला आपणच सांगितलेलं असतं, "तू बाजूला बस, चपला सांभाळ."

मी स्वतः हे वाक्य अनेक वर्षं म्हणत आलो. मनात वाईट काही नव्हतं, पोराला लागू नये एवढीच काळजी. पण एकदा चपला सांभाळणाऱ्या एका मुलाने विचारलं, "सर, मी कधी खेळायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा पाठ त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे.

१) ज्युदोचा जन्मच एका अशक्त मुलापासून

ज्युदो हा खेळ जपानमध्ये सुरू झाला. तो सुरू करणारे जिगोरो कानो यांचा जन्म 1860 चा. लहानपणी ते अंगाने किरकोळ होते आणि शाळेतली दांडगी मुलं त्यांना त्रास द्यायची. म्हणून ते जुजुत्सू ही जुनी झुंजीची विद्या शिकायला गेले. शिकता शिकता त्यांच्या लक्षात आलं की समोरच्याची ताकद अडवण्यापेक्षा तीच वापरून त्याचा तोल घालवता येतो. 1882 मध्ये त्यांनी तोक्योतल्या एका देवळात आपली तालीम सुरू केली. जागा होती फक्त 12 चटयांची आणि विद्यार्थी होते 9. ज्युदो या शब्दाचा अर्थच 'सौम्य मार्ग' असा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. कानो हे पेशाने शिक्षक होते. शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचे ते कितीतरी वर्षं मुख्याध्यापक होते. म्हणजे आज जगभर खेळला जाणारा हा खेळ एका मास्तराने उभा केला आहे आणि त्याचं मूळ एका दुबळ्या पोराच्या गरजेत आहे. दुबळ्या मुलाला तालमीत घेऊ नये असं म्हणणाऱ्याला ज्युदोचा इतिहास माहीत नाही, एवढंच म्हणता येईल.

२) कपिल परमार : दिसत नाही, पण पकड पक्की

आता आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं उदाहरण घेऊ. कपिल परमार हा सीहोर जिल्ह्यातल्या शिवोर गावचा मुलगा. लहान असताना शेतात खेळताना त्याने ओल्या हातांनी पाण्याच्या पंपाला हात लावला आणि विजेचा जबर धक्का बसला. तो सहा महिने कोमात होता. जीव वाचला, पण पुढे नजर हळूहळू जात राहिली. वडील टॅक्सी चालवायचे. घरची परिस्थिती बेताची, म्हणून कपिलने भावाबरोबर चहाची टपरी चालवली. दिवसा चहा आणि बाकी वेळ ज्युदोचा सराव.

हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत (2023) त्याने रौप्यपदक मिळवलं. मग 5 सप्टेंबर 2024 रोजी, म्हणजे आपल्या शिक्षकदिनी, पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 60 किलो वजनी, जे-1 गटात तो मॅटवर उतरला. उपांत्य फेरीत इराणच्या खेळाडूने त्याला 0-10 असं हरवलं. तिथे एखादा खचला असता. पण कांस्यपदकाच्या लढतीत कपिलने ब्राझीलच्या एलिएल्टन डी ऑलिव्हेराला 10-0 असं चीत केलं. ज्युदोमधलं भारताचं हे पहिलं पॅरालिम्पिक पदक. ऑलिम्पिकमध्येही भारताला ज्युदोत तोवर पदक मिळालेलं नव्हतं. पुढे जानेवारी 2025 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता प्रश्न असा की, न दिसणारा खेळाडू ज्युदो खेळतो तरी कसा? हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण यातच आपल्यासाठी धडा आहे.

• डोळस खेळाडूंच्या ज्युदोत लढतीचा सुरुवातीचा बराच वेळ पकड मिळवण्यात जातो. अंध ज्युदोत दोघांनी एकमेकांचा पोशाख आधीच धरलेला असतो. पकड नीट झाली की पंच 'हाजिमे' म्हणजे 'सुरू करा' म्हणतात.
• पकड सुटली तर पंच लढत थांबवतात, दोघांना मध्यभागी आणतात आणि पुन्हा पकड देऊन सुरुवात होते.
• पूर्ण अंध किंवा अगदीच थोडं दिसणारे खेळाडू जे-1 गटात, अंशतः दिसणारे जे-2 गटात.
• स्वच्छ डाव टाकून पाठीवर पाडलं की 'इप्पॉन', लढत तिथेच संपते. फलकावर 10 असा आकडा दिसतो.

बघा, नियम किती थोडा बदलला! डाव तेच, मॅट तीच, पडणं-पाडणं तेच. फक्त सुरुवात हात धरून होते. आपल्या तारपा नाचातही असंच असतं ना? एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरतात. पुढचा कुठे वळला, किती वाकला हे डोळ्यांआधी हाताला कळतं. अंधारात, तारप्याच्या आवाजावर, चूक न करता नाचणाऱ्या आपल्या मुलांना अंध ज्युदो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पुरुषांचा अंध ज्युदो 1988 च्या सेऊल पॅरालिम्पिकपासून आहे, महिलांचा 2004 च्या अथेन्सपासून.

३) अरुणा तंवर : पदक नाही, तरी पहिली

हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातली अरुणा तंवर हिच्या हातांच्या बोटांची वाढ जन्मापासूनच झालेली नाही. ती तायक्वांदो शिकली. तायक्वांदोत मुख्य काम पायांचं. पॅरा तायक्वांदोत हातांचं अपंगत्व असलेले खेळाडू खेळतात आणि तिथे डोक्यावर लाथ मारायला बंदी आहे, गुण मिळतात ते धडावर लाथ बसली की. का? कारण डोकं वाचवायला हात लागतात. इथेही तोच विचार दिसतो. खेळाडूला बाहेर काढलेलं नाही, नियम त्याच्याकडे आणला आहे.

हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला तोक्योत, 2021 साली. तिथे खेळणारी अरुणा ही भारताची पहिली तायक्वांदोपटू. तिथे पदक मिळालं नाही. 2024 ला ती पॅरिसला पुन्हा गेली, तिथेही हरली. मुलांनो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. आपण फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगतो आणि मग हरलेल्या मुलाला वाटतं आपली गोष्टच नाही. दोनदा जगाच्या मैदानावर उभं राहणं ही मेहनतीची पावतीच आहे.

४) मुरलीकांत पेटकर : सांगलीचा मुष्टियोद्धा

आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण तर कुणालाही अभिमान वाटावा असं आहे. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लहानपणी कुस्तीचा नाद. पुढे सैन्यात गेले, ईएमई या दलात, आणि तिथे बॉक्सिंगमध्ये नाव काढलं. 1965 च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. ठोसे मारणारा, पायावर नाचणारा तरुण खाटेवर पडला.

उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईल जलतरणात 37.33 सेकंद अशी विश्वविक्रमी वेळ देऊन त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, म्हणजे तब्बल 46 वर्षांनी! 2025 च्या जानेवारीत त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला. तो त्याच समारंभात, ज्यात कपिल परमारचाही सन्मान झाला. एक आयुष्यभर थांबला, दुसऱ्याला काही महिन्यांत मिळालं. काळ बदलतोय, हे यावरून दिसतं.

पण पुरता बदललेला नाही. हरियाणाचा कर्णबधिर मल्ल वीरेंदर सिंग याने बधिरांच्या ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे डेफलिम्पिक्समध्ये, 2005, 2013 आणि 2017 अशी तीन सुवर्णपदकं जिंकली. 2021 मध्ये पद्मश्री हातात घेऊन तो दिल्लीतल्या हरियाणा भवनासमोर बसला. मागणी एकच होती, कर्णबधिर खेळाडूंनाही इतर पॅरा खेळाडूंसारखाच हक्क द्या. टाळ्या वाजवणं सोपं असतं, बरोबरीची वागणूक द्यायला वेळ लागतो.

५) आपल्या शाळेत काय करता येईल?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, "सर, पॅरिस कुठे आणि आपलं खोडाळा कुठे!" बरोबर आहे. आपल्याकडे मॅट नाही, प्रशिक्षक नाही. पण कानोंकडे तरी काय होतं? 12 चटया.

आधी कायदा समजून घेऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं सांगितली आहेत. त्यात अंधत्व, कर्णबधिरत्व, हाता-पायाचं अपंगत्व तर आहेच, पण सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही आहेत. याच कायद्यात शाळेने दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यावी असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे त्या मुलाला मैदानात घेणं हा आपला मोठेपणा नाही, तो त्याचा हक्क आहे.

आता काळजीचा भाग. उत्साहाच्या भरात मुलाला धोका होता कामा नये.

• सुरुवातीला डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हृदयविकार, फिट्स, हिमोफिलिया असलेल्या मुलांना अंगाला अंग भिडणारे खेळ आपल्या मनाने देऊ नयेत.
• सिकलसेलच्या मुलाला पाणी वारंवार प्यायला द्यावं. खूप थंडीत, कडक उन्हात किंवा दम तुटेपर्यंत पळवू नये. "पाय दुखतायत" म्हणाला की लगेच बसू द्यावं, नाटक करतोय असं म्हणू नये. डॉक्टरांनी होकार दिला तर कराटेतल्या कातासारखे, न भिडता करायचे संथ प्रकार त्याला शिकवता येतात.
• ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर झेंडा किंवा हात दाखवावा.
• कमी दिसणाऱ्या मुलाबरोबर जोडीदार द्यावा, आणि खेळ हात धरून सुरू करावा.
• सगळ्यांना आधी नीट पडायला शिकवावं. ज्युदोतला पहिला धडा पडण्याचाच असतो.

आणि एक महत्त्वाचं. बक्षीस देताना "बिचारा, तरीसुद्धा खेळला" असं म्हणून देऊ नका. त्याने काय केलं ते सांगा. किती दिवस सरावाला आला, कोणता डाव शिकला, कुठे चुकला आणि कसा सुधारला. मुलाला दया लगेच ओळखू येते. कौतुकही लगेच ओळखू येतं.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला उशिरा मिळालं. "सर, मी कधी खेळायचं?" आज. आजच्या तासाला. चपला काय, ओळीत ठेवल्या की त्या स्वतःच राहतात.

शब्दार्थ

पकड – प्रतिस्पर्ध्याला घट्ट धरणं
चीत करणं – पाठीवर पाडून हरवणं
रौप्यपदक – चांदीचं पदक, दुसरा क्रमांक
कर्णबधिर – ज्याला ऐकू येत नाही असा
काता – कराटेतल्या हालचालींचा ठरलेला क्रम

स्वाध्याय

१) अंध ज्युदोत कोणता नियम वेगळा असतो? तो तसा का असावा?
२) पॅरा तायक्वांदोत डोक्यावर लाथ मारायला बंदी का आहे?
३) कपिल परमार उपांत्य फेरी हरल्यावर काय झालं? त्यातून तुम्ही काय शिकाल?
४) वीरेंदर सिंग याची मागणी तुम्हाला योग्य वाटते का? पाच-सहा ओळींत सकारण लिहा.
५) 'आमच्या वर्गातला/वर्गातली खेळाडू' या विषयावर आठ ते दहा ओळी लिहा.

उपक्रम

तुमच्या शाळेतला कोणताही एक खेळ निवडा. वर्गातल्या प्रत्येकाला खेळता येईल असा त्याचा एक नियम गटात बसून बदला. शनिवारी तो खेळ खेळून बघा आणि ज्यांच्यासाठी नियम बदलला त्यांनाच आधी विचारा, जमला का?