कौल उतरवण्याआधी कागद उघडा
(सभासद शिक्षण : घरदुरुस्तीचे कर्ज)



लागण, खोडवा, बेणेमळा, ठिबक यांचा अभ्यास या पानावर आपण वेळोवेळी केला. या खेपेला विषय घराचा घेतला आहे. हंगाम संपून बिलाचा हप्ता हाती आला की बहुतेक घरांत एकच बोलणे निघते, "औंदा घराचं काहीतरी करायचंच." पदरचे पैसे पुरत नाहीत, मग कर्जाची चौकशी सुरू होते. आणि येथेच पुष्कळांची फसगत होते.

घाटाखालचे एक घर

आपला कारखाना घाटावर, महाड-पोलादपूर घाटाखाली. पण सोयरीक घाट मानत नाही. आमच्या एका सभासदाची थोरली बहीण पोलादपूर तालुक्यात दिली आहे. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून खाली जाते. म्हणजे महाबळेश्वरी ढग फुटला की त्याची झळ पहिल्याप्रथम या दोन तालुक्यांना. २२ जुलै २०२१ ला तेच झाले. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे नेली.

ताईंचे घर उभे राहिले. पण मागची दगडमातीची भिंत बसली आणि आढे सरकले. त्या वर्षी शासनाने पूर्ण पडलेल्या घरास दीड लाख, निम्मे पडलेल्यास ५० हजार, चौथाई पडझडीस २५ हजार असे दर ठरविले होते. ताईंच्या वाट्याला अंशतः पडझडीची रक्कम आली. तीत टेकू लागले, भिंत काही उभी राहिली नाही.

दोन वर्षे पैसा साठवून २०२३ च्या एप्रिलात दाजींनी काम काढले. मिस्त्रीने अंदाजपत्रक दिले सहा लाखांचे. हाताशी दीड लाख. बाकीच्यासाठी एका कर्ज देणाऱ्या संस्थेकडे अर्ज टाकला. फाईल नेणारा मध्यस्थ म्हणाला, "काका, काम झालंच समजा. कौलं उतरवून घ्या, पाऊस यायच्या आत आटपून टाकू." दाजींनी विश्वासाने कौले उतरविली. मे महिन्याच्या अखेरीस पत्र आले, अर्ज नामंजूर.

कारण काय? घर दाजींच्या आजोबांच्या नावे. आजोबा जाऊन चाळीस वर्षे झाली, वारसनोंद कोणी केली नाही. कर्ज मागणारा एक आणि घराचे धनी अकरा! त्यातले सातजण मुंबईला, दोघी लग्न होऊन दुसऱ्या गावी.

तो पावसाळा ताईंच्या घराने ताडपत्रीखाली काढला. १९ जुलैच्या रात्री रायगडातच इर्शाळवाडीवर दरड आली. ती बातमी ऐकल्यापासून जोराचा पाऊस लागला की सारे घर उशा-पांघरुणे घेऊन शाळेत जाऊन झोपे. तोंडी होकार देणाऱ्या मध्यस्थाची चूक होतीच. पण आमचे सभासद स्वतःच म्हणाले, "कागद आधी बघितला असता तर कौल उतरवलंच नसतं."

पाठ पहिला : संस्था भिंत नव्हे, कागद पाहते

तारण म्हणजे काय? कर्ज थकल्यास जी वस्तू विकून पैसे वसूल करता येतील ती. ज्या घराचा मालक कागदावर स्पष्ट नाही, ते विकता येत नाही. सबब ते तारणही चालत नाही. मग भिंत कितीही पक्की असो.

आपल्याकडे दोन कागदांचा नेहमी घोळ होतो. तलाठ्याकडचा ८-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा. दोन्ही आठच, पण घराच्या मालकीचा पक्का पुरावा यातला एकही नव्हे. घरपट्टी तुम्ही भरता एवढेच नमुना ८ सांगतो. गावठाणातल्या घरासाठी मिळकत पत्रिका, म्हणजे सनद, हा वजनाचा कागद. स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली आणि ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन सनदा मिळू लागल्या. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर सनद काढून घ्या, आणि नाव, क्षेत्र, हद्द बरोबर आहे का ते नीट वाचा. कोकणातल्या वाड्यांत आणि आपल्याकडच्या वस्त्यांवर पुष्कळ घरे गावठाणाबाहेर, शेतजमिनीवर असतात. अशा घरांची अडचण निराळी. तिची चौकशी अर्जाच्या आधी तहसील कचेरीत करावी.

वारसांच्या बाबतीत लेकींना विसरू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. बहिणींची नावे गाळून केलेला कागद पुढे संस्थेचा वकील परत पाठवणारच.

जुना बोजाही पाहावा. सोसायटीचा इकरार, भूविकास बँकेचे वडिलांच्या वेळचे कर्ज असे बोजे उताऱ्याच्या इतर हक्कांत वर्षानुवर्षे पडून असतात. भूविकास बँकेच्या थकबाकीदारांना शासनाने २०२२ मध्ये माफी दिली. पण माफी झाली म्हणून उताऱ्यावरची नोंद आपोआप गेलीच असे धरून चालू नका.

पाठ दुसरा : एवढी जमीन आहे, मग ती का घेत नाहीत?

हा प्रश्न आम्हांला प्रत्येक सभेत विचारला जातो. "चार एकर ऊस हाय की माझा, तो घ्या म्हणावं तारण!" याचे उत्तर कायद्यात आहे. थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता तारण विकण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला. त्या कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. शिवाय आपल्या राज्यात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते. म्हणून घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्था शेताकडे पाहत नाहीत, घराकडेच पाहतात.

याची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी. शेताला जे संरक्षण आहे ते तारण दिलेल्या घराला नाही. सहकारी बँक आपलीच म्हणून ती असे करणार नाही, हाही गैरसमज नको. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये दिला, आणि तो दावाही आपल्या मुरगूडच्याच एका सहकारी बँकेचा होता. कर्ज बुडीत ठरले की ६० दिवसांची नोटीस येते. ती आली तर घडी करून देव्हाऱ्यात ठेवू नका. लेखी हरकत द्या. तिला १५ दिवसांत उत्तर देणे संस्थेवर बंधनकारक आहे.

पाठ तिसरा : किती मिळते आणि कधी मिळते

अंदाजपत्रकाची सगळी रक्कम कोणी देत नाही. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला बँकांची वरची मर्यादा मिळकतीच्या किमतीच्या ९० टक्के आहे; जुन्या घराच्या दुरुस्तीला प्रत्यक्षात कमीच मिळते. तेही टप्प्याटप्प्याने. आधी तुमचा वाटा खर्च करा, मग पहिला हप्ता. जोते-भिंत दाखवा, मग दुसरा. म्हणून मिस्त्रीशी करार करताना त्याचे पैसेही त्याच टप्प्यांनी ठरवा.

आता परतफेड. नोकरदाराला महिन्याला पगार, आपल्याला उसाचे बिल. दरमहाचा हप्ता ठरला आणि बिल वर्षातून दोनतीनदा आले, तर मधले महिने उसनवारीत जातात. सहामाही किंवा वार्षिक हप्ता मिळतो का, हे अर्जाच्या वेळीच विचारा. उत्पन्नाचा पुरावा म्हणून मागील तीन हंगामांच्या ऊस बिलांच्या पावत्या आणि बँक पासबुक जोडा. पावत्या फेकू नका, असे आम्ही सांगतो ते यासाठीच.

मुदतीचा हिशेब पाहा. पाच लाख रुपये ९ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर दरमहा हप्ता सुमारे ६,३३४ रुपये आणि एकूण फेड सुमारे ७ लाख ६० हजार. तेच १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता ५,०७१, पण एकूण फेड ९ लाख १३ हजार. महिन्याला साडेबाराशे वाचले, पदरचे दीड लाख जास्त गेले.

पाठ चौथा : सही करण्यापूर्वी

रिझर्व्ह बँकेने कर्जदारासाठी केलेले काही नियम पाठ करून ठेवावेत.

१. ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाच्या मुख्य गोष्टींचे एक विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे सक्तीचे आहे. व्याज, सर्व शुल्के, एकूण वार्षिक खर्च त्यात येतो. मराठीत मागा, घरी आणा, शिकल्या-सवरल्या मुलाकडून वाचून घ्या. विचार करण्यास किमान तीन कामाचे दिवस मिळतात.

२. हप्ता चुकल्यास दंड घेता येतो, पण दंडावर व्याज चढविता येत नाही.

३. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास बँकेला त्यासाठी दंड घेता येत नाही. हा नियम २०१२ पासूनचा आहे. चांगला हंगाम गेला तर बिलातून जास्तीचे भरावे ते यासाठी.

४. कर्ज पुरे फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. म्हणून कागद देतानाच यादी करून पोच घ्यावी.

आणखी एक गोष्ट. कर्जाची मंजुरी म्हणजे घराच्या मजबुतीचा दाखला नव्हे. महाड शहरातली एक पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली आणि १६ माणसे दगावली. ती दहा वर्षांचीही नव्हती. ग्रामपंचायतीची परवानगी, पूररेषेची चौकशी आणि जाणत्या अभियंत्याची नजर या तीन गोष्टी संस्था मागो न मागो, आपण कराव्यात.

ताईंच्या घराचे पुढे काय झाले?

२०२३ च्या गणपतीला मुंबईकर गावी आले. ओटीवर बैठक बसली. मुंबईच्या चुलत दिरांची भीती एकच, "सही केली की आमचा हिस्सा गेला." भीती रास्त होती. मग सर्वांदेखत ठरले ते असे : आधी अकराही वारसांची नोंद करायची, मग वाटणीपत्र नोंदवायचे, राहते घर दाजींच्या वाट्याला, परड्यातली जागा मुंबईकरांना, आणि देवघर सामाईक. दोघी नणंदांचीही नावे व सह्या आल्या. गावची मोजणी झालेली असल्याने सनदही मिळाली. २०२४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या संस्थेकडून साडेचार लाख मंजूर झाले. पहिला हप्ता खात्यात जमा झालेला पासबुकात पाहिल्यावरच दाजींनी ताडपत्री सोडली. मृगापूर्वी नवे छप्पर चढले.

जे काम गणपतीच्या चार दिवसांत ठरले, ते चाळीस वर्षे राहिले होते.

उजळणी

माझे घर आज कागदावर कोणाच्या नावे आहे? सगळ्या वारसांची, लेकी-बहिणींची नावे लागली आहेत काय? उताऱ्यावर फिटलेल्या कर्जाचा बोजा आहे काय? मंजुरीचे लेखी पत्र हाती आले काय? या चारांची उत्तरे मिळेपर्यंत, सभासद हो, कौलाला हात लावू नये ही विनंती.