बरोबरची खूण

लशीशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते. नाहीतर आमच्या दिघोरी गावात ‘ही बाई लसविरोधी’ म्हणून बोभाटा करायला कितीसा वेळ लागतो! भांडण आहे ते न सांगता टोचण्याशी.

दिवाळीच्या सुट्टीत लेक धान कापायला आमच्यासोबत बांधीत आली आणि बोटाला विळा लागला. धनुर्वाताचं इंजेक्शन तेव्हाच झालं होतं. शाळा उघडल्यावर पाचवीच्या पोरांना टीडी टोचली. दहाव्या-सोळाव्या वर्षी सरकार देतं तीच, धनुर्वात-घटसर्पाची. पण घरी ना चिठ्ठी, ना फोन. रात्री पोरीचा दंड बाहीत मावेना. कोपरापर्यंत लालभडक, हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, धनुर्वाताचे डोस असे जवळजवळ पडले की सूज जास्त येऊ शकते, उतरेल. उतरलीही. पण ‘मागे कधी घेतलं होतं?’ एवढं विचारायला कोणाचं काय जात होतं?

शाळेत गेले. उत्तर मिळालं, “सरकारी लस आहे ताई, त्यात विचारायचं काय? आधी सांगितलं की पालक घाबरतात.” मी यादी मागितली. ‘पालकांची संमती’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा, एकाच पेनाने ओढलेल्या. शेजारची पोर त्या दिवशी तापाने घरी होती, तिच्याही आईबापांची संमती! तोवर मी हळू बोलत होते. त्यानंतर नाही.

हा रोग जुना आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मममध्ये मुलींना एचपीव्ही लस दिली, तेव्हा २,७६३ संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या ठोकल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. गोवर-रुबेला मोहिमेत दिल्ली सरकार पालकांना न विचारता शाळेत लस देणार होतं, ते हायकोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये रोखलं. दुष्परिणाम सांगितले तर लोक घाबरतील, ही सबबही कोर्टाने मानली नाही. आमच्या शाळेत ती अजून चालते. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने प्रत्येक डोसआधी लेखी माहिती द्यावीच लागते. इथे तोंडी सांगायलाही जिवावर येतं.

तर आयाबायांनो, मुलांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवा, ते तर आहेच. पण जखमेवर इंजेक्शन घेतलं की तारीख लसीच्या कार्डावर लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो वर्गशिक्षकांना पाठवा. कोणती लस, कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, पुढचा डोस कधी, हे सांगणं सिस्टरच्या कामातच येतं, उपकार नाहीत. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवा. सूज-ताप आला तर आशाताईला सांगून नोंद करायला लावा, नाहीतर कागदावर सगळं ठीकच असतं. कोऱ्या रकान्यावर सही करू नका. आणि तक्रार लेखी द्या, पोच घ्या. मी पोच मागितली तेव्हा शाळेचा शिक्का नेमका सापडेना. “तोवर बसते,” म्हटलं, तर टेबलाच्याच खणात निघाला.