शाळेच्या ई-मेलला गाळणी बसवताना

मागच्या जूनमध्ये एका पालकांचा पुण्याहून फोन आला. बदली झाल्यामुळे त्यांचे कुटुंब बडोदे सोडून तिकडे गेले होते. मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात जन्मतारखेचा एक आकडा चुकला होता आणि दुरुस्त दाखला आणण्यासाठी नव्या शाळेने चार दिवसांची मुदत दिली होती. "सर, तीन मेल पाठवले. एकाचेही उत्तर नाही," ते म्हणाले. कचेरीत कोणीच ते मेल पाहिले नव्हते. शोध घेतला तेव्हा तिन्ही मेल आपल्याच सर्व्हरवर, स्पॅमच्या कप्प्यात पडलेले सापडले. विषयाच्या जागी मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'अर्जंट', आत मजकूर शून्य, फक्त जोडलेले एक छायाचित्र. दाखला त्याच संध्याकाळी रवाना झाला. ती गाळणी मीच बसवली होती, तेव्हा चूकही माझीच. ती कशी झाली हे विद्यार्थ्यांना आणि पालकांना समजावे म्हणून हा लेख.

आपला मेल सर्व्हर संगणक कक्षातल्या एका जुन्या यंत्रावर, लिनक्सवर, 'पोस्टफिक्स' नावाच्या मोफत प्रणालीने चालतो. ई-मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी होते, त्यांचा मूळ आराखडा १९८२ चा. त्यात प्रेषक खरा की खोटा हे तपासण्याची सोयच नव्हती. पोस्टकार्डावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे. नको असलेली जाहिरात तर त्याहून जुनी. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या डीईसी कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या संगणकांची एकच जाहिरात पाठवली होती.

पहिली तपासणी दारातच होते. मेल घेऊन येणाऱ्या यंत्राचा पत्ता बदनाम यंत्रांच्या यादीत आहे का, हे आपला सर्व्हर विचारतो. 'स्पॅमहाउस' ही १९९८ पासूनची संस्था अशा याद्या ठेवते. इथे एक खड्डा आहे. ही विचारणा सर्वांसाठी खुल्या असलेल्या मोठ्या डीएनएस सेवेमार्फत केली, तर यादीऐवजी 'तुम्हाला उत्तर देता येत नाही' अशा अर्थाचा संकेत येतो. गाळणी नीट जुळवलेली नसेल तर ती त्यालाच 'बदनाम' समजते आणि सज्जनांचे टपालही परत पाठवते. म्हणून सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस चालवावा.

दारातली दुसरी युक्ती ग्रेलिस्टिंगची. अनोळखी पाहुण्याला सांगायचे, 'पाच मिनिटांनी या.' खरा सर्व्हर पुन्हा येतो. घाईत लाखो मेल उधळणारा बहुधा येत नाही. शिवाय प्रेषकाच्या नावाची शहानिशा करण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तीन उपाय नंतर आले. ते आपण आपल्या बाजूनेही लावले आहेत, नाहीतर आपलीच पत्रे दुसऱ्यांच्या स्पॅममध्ये जातात.

दारातून आत आलेला मेल 'स्पॅमअसॅसिन' तपासते. परीक्षेसारखे गुण देते, पण इथे जास्त गुण म्हणजे वाईट. विषय सगळा मोठ्या अक्षरांत, थोडे गुण. मजकूर नाही, नुसते चित्र, आणखी थोडे. बेरीज ५ झाली की शिक्का. पुण्याच्या त्या मेलची बेरीज ५ च्या जरा वर गेली होती.

मग त्याला वाचवणारे काही नव्हते का? होते, पण मी ते सुरूच होऊ दिले नव्हते. दहावीच्या मुलांनी संभाव्यता शिकली आहे, त्यांनी वही घ्यावी. थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. त्यातल्या विचाराने मेल कसे गाळावेत हे पॉल ग्रॅहम यांनी २००२ मधल्या आपल्या लेखात मांडले आणि ही पद्धत सर्वत्र पसरली.

समजा, २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल आपण वेगळे केले. 'लॉटरी' हा शब्द ६० स्पॅममध्ये आणि २ चांगल्या मेलमध्ये आला. म्हणजे स्पॅमच्या बाजूने ३०:१. 'दाखला' १ स्पॅममध्ये आणि ४९ चांगल्यांत, म्हणजे १:४९. आता एक पालक विचारतात, "प्रवेशाच्या लॉटरीत नाव लागले, कोणता दाखला आणू?" दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार ३०:४९. स्पॅम असण्याची शक्यता ३० भागिले ७९, सुमारे ३८ टक्के. नुसत्या 'लॉटरी'वर ती जवळजवळ ९७ टक्के आली असती. (शब्द एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे यात धरले आहे. ते खरे नाही, तरी काम चालते.)

पण दोन्ही ढिगांत किमान २०० मेल झाल्याखेरीज स्पॅमअसॅसिन हे गणित वापरतच नाही. स्पॅमचा ढीग दोन दिवसांत भरला. चांगला ढीग करायला प्रत्येक मेल माणसाने पाहावा लागतो. मी कंटाळा केला, सत्तरावर थांबलो. त्यामुळे निकाल केवळ ठरीव नियमांवर लागत होता, आणि ते नियम मुख्यतः इंग्रजी मेल पाहून लिहिलेले. मराठी व गुजराती पत्रव्यवहार करणाऱ्या शाळेला आपला ढीग आपणच भरला पाहिजे.

आता ५ ते १५ गुणांचा मेल पुसला जात नाही, वेगळ्या कप्प्यात राहतो. कचेरीतल्या ताई रोज दुपारी तो कप्पा चाळतात. चुकून पडलेला मेल त्या बाहेर काढतात आणि रात्री गाळणी त्यावरून शिकते. १५ च्या वरचा मेल मात्र दारातच नाकारला जातो. आत घेऊन मागाहून 'पोचला नाही' असे कळवणे चूक, कारण स्पॅमवरचा प्रेषक खोटा असतो आणि ते उत्तर भलत्याच निरपराध माणसाच्या माथी पडते. दारात नाकारले की खऱ्या प्रेषकाला त्याचाच सर्व्हर तसे कळवतो. मर्यादा ५ वरून ८ करा, अशी सूचना एका विश्वस्तांनी केली होती. तसे केले तर फसवणुकीचे मेल थेट कचेरीत येतील, म्हणून मी नको म्हटले.

पालकांनी विषयात पाल्याचे नाव आणि इयत्ता लिहावी, आत दोन ओळी तरी लिहाव्यात, मराठीत, गुजरातीत, कशाही. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर सरळ फोन करावा. चांगल्या ढिगात एकाहत्तरावा, बाहत्तरावा आणि त्र्याहत्तरावा मेल पुण्याचे आहेत. दोनशेवा दिवाळीच्या सुट्टीआधी पडला.