‘रेसिडेंटने सांगितलंच नाही’

डीएनबी मेडिसिनची जागा घेताना मला सांगितलं होतं की आयसीयूचं पोस्टिंग मायक्रोबायोलॉजीला जोडलेलं आहे. सकाळी राऊंड, दुपारी लॅब. प्रत्यक्षात पूर्व उपनगरातल्या त्या खासगी रुग्णालयात मायक्रोबायोलॉजीची लॅब नव्हतीच. तळमजल्यावर एक काउंटर, एक फ्रीज आणि सॅम्पल न्यायला येणारा मुलगा, एवढाच कारभार. लॅब अंधेरीला. लॉगबुकात मात्र ‘मायक्रोबायोलॉजी पोस्टिंग पूर्ण’ असं लिहून सही घ्यायची पद्धत होती. मी तो रकाना रिकामा ठेवला. तेव्हापासूनच मी ‘जरा जास्तच विचारणारी’ ठरले.

त्यानंतर जे झालं ते नव्याने पोस्टिंगला जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितेय. आणि खरं सांगायचं तर, माझी बाजू एकदा तरी पूर्ण मांडली जावी म्हणूनही.

ऐन पावसाळा होता. डेंग्यू आणि लेप्टोने आयसीयू भरलेलं. त्यात पोटाच्या ऑपरेशननंतरचे एक पेशंट, जुना मधुमेह, गळ्यात सेंट्रल लाइन, शिरेतूनच पोषण. मेरोपेनेम आणि टायकोप्लॅनिन चालू असूनही पुन्हा ताप चढायला लागला. मी दोन वेगळ्या जागांहून ब्लड कल्चरचे दोन सेट घेतले. चार बाटल्या, प्रत्येकीत दहा मिली. ‘एवढं रक्त कशाला?’ इथपासून ‘नातेवाईक बिलावरून भांडतील’ इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं, पण घेतले.

पुढे माझ्या नाइट ड्यूटीनंतरच्या सकाळी राऊंडला कन्सल्टंट आले आणि पेशंटच्या मुलासमोर म्हणाले, “कल्चरमध्ये यीस्ट आलंय. लॅबने रात्रीच कळवलं होतं. रेसिडेंटने सांगितलंच नाही.”

मला फोन आलेला नव्हता. मी रात्रभर त्या बेडपासून हललेही नव्हते. तसं मी तिथल्या तिथे सांगितलं, तर “ते नंतर बोलू” म्हणून मला गप्प केलं. मुलगा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर मला अजून टोचते. त्याच क्षणी मी कॅस्पोफंगिन मागवलं, सेंट्रल लाइन काढली आणि नवं कल्चर लावलं. यीस्टवर मेरोपेनेमचा काडीचाही परिणाम होत नाही. रक्तात कॅन्डिडा सापडला तर ‘दूषित नमुना असेल’ म्हणून तो कधीच सोडून द्यायचा नसतो. एकाच बाटलीत आला तरी उपचार करायचेच. सेप्सिसमध्ये एक रात्र फुकट जाणं म्हणजे काय, हे आयसीयूत काम केलेल्याला वेगळं सांगायला नको.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी घाटकोपरहून मेट्रो पकडली आणि अंधेरीला थेट लॅबमध्ये गेले. तिथल्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमनी काही न बोलता तातडीच्या रिपोर्टची नोंदवही माझ्यासमोर उघडली. रात्री 11.40. ग्रॅम स्टेन : बडिंग यीस्ट. आयसीयूच्या एक्स्टेंशनवर दोनदा फोन, उत्तर नाही. त्याखाली ‘निरोप घेणारे’ या रकान्यात त्याच कन्सल्टंटचं नाव आणि शेऱ्यात त्यांचे शब्द : ‘सकाळी राऊंडला बघतो.’

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. निरोप त्यांना मिळाला होता. त्यांनी तो स्वतःकडे ठेवला आणि सकाळी माझ्या नावावर खपवला.

आयसीयूचा फोन का लागला नाही, तेही तिथेच कळलं. आमचं आयसीयू दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर हललं, पण कल्चरच्या छापील फॉर्मवरचं एक्स्टेंशन जुनंच राहिलं होतं. लॅब इमानेइतबारे एका रिकाम्या खोलीत फोन करत होती.

मॅडमनी मग तीच स्लाइड मायक्रोस्कोपखाली दाखवली. जांभळ्या, अंडाकृती पेशी आणि त्यांना कडेला फुटलेले बारीक कोंब. त्या एका दुपारी मी जे शिकले, ते अख्ख्या ‘पोस्टिंग’मध्ये कुणी शिकवलं नव्हतं. पुढे तो कॅन्डिडा ऑरिस निघाला. जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यातून 2009 साली प्रथम ओळखली गेलेली ही बुरशी आज भारतातल्या आयसीयूंची मोठी डोकेदुखी आहे. फ्लुकोनाझोलला ती बहुधा दाद देत नाही, आणि खाटेच्या कठड्यांवर, उपकरणांवर दीर्घकाळ टिकून राहते. म्हणजे हा प्रश्न एका पेशंटचा नव्हता, शेजारच्या प्रत्येक बेडचा होता.

लॅबकडून लेखी खुलासा घेऊन मी तक्रार दिली. उत्तर मिळालं, “पेशंट बरा झाला ना? मग कशाला वाढवता?” पेशंट बरे होऊन घरी गेले, याचा आनंद मला कुणाहूनही कमी नाही. पण ते वाचले म्हणून ती रात्र पुसली जात नाही. माफीचा एक शब्दही आजवर आलेला नाही.

आता सांगते ते नीट लक्षात ठेवा.

जागा घेण्याआधी स्टायपेंड विचाराच, पण लॅब कुठे आहे आणि शेवटचं पिकअप किती वाजता आहे, हेही विचारा. रात्रीच्या बाटल्या कुठे ठेवतात ते स्वतः जाऊन बघा. लघवीचा नमुना फ्रीजमध्ये ठेवतात म्हणून ब्लड कल्चरच्या बाटल्याही तिथेच सरकवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या कधीही फ्रीजमध्ये ठेवायच्या नसतात. मशीनमध्ये जाईपर्यंत खोलीच्या तापमानालाच राहू द्या.

कल्चर नव्या अँटिबायोटिकच्या आधी घ्या. मोठ्या माणसात दर बाटलीला आठ ते दहा मिली रक्त लागतं. फॉर्मवर रक्त कुठून घेतलं, किती वाजता आणि कोणती औषधं चालू आहेत ते लिहा. नुसतं ‘ताप’ लिहून लॅबला काय कळणार?

दर ड्यूटीला लॅबला आपणहून फोन करा. “रिपोर्ट आला का?” असं विचारू नका, “बाटली बीप झाली का?” असं विचारा. छापील रिपोर्टच्या कितीतरी आधी ग्रॅम स्टेन हाती येतो. ऐकलेलं फोनवर परत म्हणून दाखवा आणि वेळ, बोलणाऱ्याचं नाव लगेच केसपेपरवर टाका.

प्रत्येक रिपोर्टवर औषध चढवू नका. चारपैकी एकाच बाटलीत कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ आला तर बहुतेकदा तो कातडीवरचा असतो. कॅथेटरच्या लघवीतला कॅन्डिडा किंवा नळीच्या स्रावातला असिनेटोबॅक्टर दिसला की आधी पेशंटकडे बघा. देशाचा अँटिबायोटिक-प्रतिकाराविरुद्धचा कृती आराखडा 2017 साली आला, तरी राऊंडवर अजूनही ‘कोलिस्टिन जोडा’ हे वाक्य सगळ्यात सोपं ठरतं.

रक्तात कॅन्डिडा आला तर औषध सुरू करून थांबू नका. कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावा, डोळे तपासून घ्या आणि पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून किमान 14 दिवस उपचार द्या.

न झालेल्या पोस्टिंगवर सही करू नका. तक्रार लेखीच द्या; आधी रुग्णालयाच्या तक्रार निवारण समितीकडे, तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडे. जेवण-झोप सांभाळा. सिस्टर आणि मामा-मावश्यांशी नीट वागा. माझ्या बाजूने उघडपणे बोलली ती नाइटची सिस्टरच. बाकीचे भिंतीकडे बघत राहिले.

त्या रुग्णालयाच्या फॉर्मवर आता बरोबर एक्स्टेंशन छापलेलं आहे. ते माझ्या तक्रारीनंतर बदललं, हे कुणी मान्य करत नाही, न करोत. तुम्ही आजच्या ड्यूटीला आपल्या फॉर्मवरचा नंबर फिरवून बघा, आणि तो कुठे वाजतो ते ऐका.