पाण्याखालचा वर्ग

उर्दूत ज्याला तुम्ही गोताखोर म्हणता, त्याला मराठीत पाणबुड्या म्हणतात. पूर्वीचा पाणबुड्या छातीत हवा भरून बुडी मारी आणि दम संपत आला की वर येई. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे एक सुटसुटीत साधन तयार केले. त्यानंतर साधी माणसेही पाठीवर टाकी बांधून समुद्रात उतरू लागली. यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. टाकीत ऑक्सिजन भरलेला असतो, असे पुष्कळांना वाटते. नवशिक्याच्या टाकीत मात्र आपली रोजचीच हवा असते, फक्त दाबून भरलेली.

समजा, तुमचे भाईजान थायलंडला निघाले आहेत आणि तेथे त्यांना ही विद्या शिकायची आहे. थायलंडच्या आखातात को ताओ नावाचे छोटे बेट आहे. थाई भाषेत 'को' म्हणजे बेट आणि 'ताओ' म्हणजे कासव. या बेटावर डायव्हिंग शिकवणाऱ्या शाळा इतक्या आहेत, की नवखा माणूस गोंधळून जातो. एक शाळा पैसे कमी सांगते, तर दुसरी राहायला फुकट खोली देते. भाईजान बहुधा पैसेच पाहतील. तुम्ही त्यांना काही वेगळे प्रश्न सुचवा.

त्याआधी एक गोष्ट समजून घ्या. दहा मीटर खोल पाण्यात दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे टाकीतून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर छातीतली हवा फुगते, दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून या विद्येचा पहिला नियम जुन्या पाणबुड्याच्या अगदी उलट आहे : श्वास कधीही रोखायचा नाही. घाबरलेला माणूस नेमके हेच विसरतो. त्या क्षणी शिक्षक हाताच्या अंतरावर असला पाहिजे.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की एका शिक्षकाबरोबर किती जण उतरणार? पॅडी या संस्थेच्या नियमाप्रमाणे पहिल्या अभ्यासक्रमात समुद्रात एका शिक्षकाला जास्तीत जास्त आठ विद्यार्थी चालतात. मला विचाराल, तर आठ फार झाले, चार बरे. शिक्षकाला संस्थेने दिलेला क्रमांक असतो. तो मागायला लाजू नये.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. चांगली शाळा आधी एक प्रश्नपत्रक देते. दमा आहे का? कान दुखतो का? हृदयाचा विकार, फिट येणे? ठरावीक प्रश्नांना 'हो' उत्तर आले, तर शाळा डॉक्टरांची चिठ्ठी मागते. मग ती दोनशे मीटर पोहायला लावते आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगायला सांगते. यामुळे कोणाला परत जावे लागले, तर पैसे शाळेचेच बुडतात. तरीही जी शाळा 'नाही' म्हणू शकते, तिच्यावर विश्वास ठेवावा. "सगळीकडे 'नाही' लिहा, काम लवकर होईल," असे जेथे सांगतात, तेथून भाईजानांनी सरळ उठून यावे.

परतीच्या विमानाचा दिवसही शाळेने विचारायला हवा. लागोपाठ बुड्या मारल्यानंतर निदान अठरा तास विमानात बसू नये. शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन माणूस आजारी पडू शकतो. भाईजानांनी प्रवासाचा विमा काढला असेल, तर त्यात डायव्हिंग धरले आहे का, तेही घरीच वाचून घ्यावे.

शेवटी भाषा. वर्ग समजेल अशाच भाषेत असावा. अर्धवट समजून मान डोलावणे येथे धोक्याचे आहे. पाण्याखाली तर बोलताच येत नाही. तेथे हाताच्या खुणा चालतात. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला, म्हणजे 'सर्व ठीक'. अंगठा वर केला, म्हणजे 'वर चला'. रंगीत मासे पाहून भाईजानांनी खुशीने अंगठा दाखवला, तर शिक्षक त्यांना घेऊन वर निघतील!