हातपंपाचे नटबोल्ट : निवड आणि आवळणी

हैदराबादच्या तारनाका परिसरात, उप्पलकडे जाणाऱ्या मार्गावर, राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत कठीण खडकातील भूजलाचा शोध हा अभ्यासाचा एक महत्त्वाचा विषय राहिला आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्याला हा विषय जिव्हाळ्याचा आहे; येथील काळ्या पाषाणात पाणी साठते ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. हे पाणी विंधन विहिरीतून वर आणणारा भक्कम पोलादी हातपंप मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर जालना आणि सोलापूर येथील कार्यशाळांत आकारास आला. त्याचेच सुधारलेले रूप १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क दोन' या नावाने देशभर गेले.

भूजल शोधले, विहीर खोदली, पंप बसविला. आणि एवढे झाल्यावर एका ढिल्या चाकीपायी पंप बंद पडावा, असे घडते. बैठकीचे बोल्ट ढिले झाले की प्रत्येक दाबासरशी पंपाचे डोके हलते, छिद्रे लांबट होतात. साखळीचा बोल्ट निसटला तर दांडा सुटतो आणि पंप तत्क्षणी थांबतो. मग दुरुस्ती पथक येईपर्यंत घागरी दुसऱ्या गावच्या वाटेला लागतात.

बदली बोल्ट घेताना प्रथम आटे पाहावेत. या पंपाच्या बैठकीला १२ मिलिमीटरचा बोल्ट लागतो व त्याच्या आट्यांतील अंतर १.७५ मिलिमीटर असते. बाजारात 'चार सुती' म्हणून मिळणारा अर्ध्या इंची बोल्ट १२.७ मिलिमीटरचा, आणि जुन्या इंची मापात त्याचे आटे इंचाला १२. दिसायला दोन्ही भावंडे, पण एकाची चाकी दुसऱ्यावर जोराने चढविल्यास आटे मोडतात. जुना बोल्ट दुकानात घेऊन जावा. तोंडी मापावर विसंबू नये.

स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घ्यावा काय? सततच्या ओलाव्यात तो टिकतो. त्याच्या डोक्यावर 'ए२' अशी खूण असल्यास त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते; 'ए४' मध्ये मॉलिब्डेनमही असते, म्हणून कोकणच्या खाऱ्या हवेत ए४ अधिक योग्य. चुंबकाच्या परीक्षेवर मात्र भिस्त ठेवू नये. चांगला स्टेनलेस बोल्टही घडणीत किंचित चुंबकीय होतो, आणि मँगनीज घातलेला हलका प्रकार चुंबकाला न चिकटता पुढे तांबेरतो. आणखी एक गोष्ट अगत्याची आहे. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यावर साधा लोखंडी बोल्ट लावल्यास ओलाव्यात तो बोल्टच झपाट्याने खाल्ला जातो. उलट प्रकारात धोका बराच कमी.

स्टेनलेसचा एक दुर्गुण फारसा कोणी सांगत नाही. कोरड्या आट्यांवर चाकी वेगाने फिरविली की घर्षणाने आटे एकमेकांत रुततात, मग चाकी पुढेही जात नाही व मागेही येत नाही. बोल्ट कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही. यासाठी आट्यांना थोडे ग्रीस लावावे, चाकी सावकाश चढवावी.

चाकी कोणतीही असो, पहिले तीन-चार वेढे बोटांनीच द्यावेत. बोटांना विरोध झाला तर आटे तिरपे बसले आहेत, असे समजून ती काढून पुन्हा लावावी. पाना घेऊन जबरदस्ती करू नये. सर्व बोल्ट बोटांनी बसल्यावर १९ मिलिमीटरच्या पान्याने समोरासमोरच्या जोड्या आळीपाळीने आवळाव्यात. पान्याला नळीचा तुकडा जोडून लांबी वाढविण्याची खोड मात्र घातक आहे.

हाताने आवळायची कानाची चाकी पंपाच्या बैठकीला कधीही लावू नये, कारण हादऱ्याने ती सुटते; शिवाय मुलांचे हात तेथे सहज पोचतात. तिची जागा निराळी : वारंवार उघडावी लागणारी झाकणे, ठिबक संचाची गाळणी, शाळेच्या प्रयोगशाळेतील पकडी. तेथे गळती थांबविते ते रबरी वायसर, मनगटाचा जोर नव्हे. गळती झालीच तर चाकी पक्कडीने पिळण्याऐवजी वायसर बदलावे. प्रयोगशाळेत मीठाच्या आम्लाच्या बाटलीशेजारी स्टेनलेसची पकडही टिकत नाही, हे विज्ञान शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

साखळीला दरमहा ग्रीस देतेवेळी सर्व बोल्टांवर एकदा पाना फिरवावा. साखळीच्या बोल्टाची चाकी आतून नायलॉनचे कडे असलेली घ्यावी, आणि एकदा काढलेली अशी चाकी बोटांनी सैल फिरू लागली असेल तर ती पुन्हा न वापरता नवी बसवावी.